मोठा नकाशा, लहान खिडकी

चेन्नई शहराच्या उत्तरेस, बंगालच्या उपसागराच्या काठी एन्नोर हे ठिकाण आहे. कोसस्थलै नदी येथे समुद्राला मिळते. समुद्राला मिळण्यापूर्वी तिचे पात्र पसरट होते, भरतीचे पाणी त्यात आत शिरते आणि किनाऱ्याला समांतर जाणारा बकिंगहॅम कालवा तिला छेदून पुढे उत्तरेकडे पुलिकत सरोवराच्या दिशेने निघून जातो. नदीच्या मुखाला तमिळमध्ये ‘मुगत्तुवारम’ असा शब्द आहे. मुखाशी वसलेल्या एका कोळीवाड्याचे नावही मुगत्तुवारकुप्पम असेच आहे. या खाडीच्या परिसरात गेल्या अर्धशतकात पुष्कळ बांधकाम झाले. एन्नोरचे औष्णिक वीजकेंद्र १९७० साली सुरू झाले व २०१७ साली बंद झाले. उत्तर चेन्नई औष्णिक केंद्र १९९४ साली उभे राहिले. २००१ साली एन्नोर बंदर वाहतुकीस खुले झाले. २०१४ पासून ते कामराजर बंदर या नावाने ओळखले जाते. एकाच खाडीवर कोळी, बंदर, वीजकेंद्र आणि शासन अशा अनेकांची नजर असल्यामुळे येथे नकाशाला मोठे महत्त्व आले आहे.

या खाडीचा नकाशा पाहू इच्छिणाऱ्यास आरंभीच एक अडचण येते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या मालिकेतील १:५०,००० प्रमाणाचा प्रत्येक नकाशा अक्षांशाची १५ मिनिटे व रेखांशाची १५ मिनिटे एवढे क्षेत्र दाखवितो. एन्नोरचे मुख सुमारे १३°१४′ उत्तर अक्षांशावर आहे. नकाशाच्या दोन तावांमधील सीमा असलेली १३°१५′ ही रेषा मुखाच्या उत्तरेस जेमतेम दोन किलोमीटरांवरून जाते. त्यामुळे खाडीचे मुख ६६ सी/८ या तावावर, तर पुलिकतकडे जाणारा तिचा वरचा भाग ६६ सी/७ या तावावर पडतो. पूर्वी अभ्यासकाला हे दोन्ही ताव मेजावर एकमेकांना जोडून पसरावे लागत. प्रत्येक ताव सुमारे ५४ सेंटिमीटर रुंद व ५५ सेंटिमीटर उंच; दोन्ही जोडले की मेज भरून जाई. परंतु मेजाची एक सोय होती: पाहणाऱ्याने मान वर केली की सारा प्रदेश एका दृष्टिक्षेपात दिसे.

आता हेच दोन ताव दर इंचास ३०० बिंदू या सूक्ष्मतेने टिपून संगणकात साठविले आहेत असे समजू. एका तावाचे सुमारे ६,४०० बिंदू रुंद व ६,५०० बिंदू उंच असे चित्र तयार होते. दोन्ही ताव जोडल्यावर चित्र ६,४०० बाय १३,००० बिंदूंचे, म्हणजे एकूण ८ कोटी ३२ लाख बिंदूंचे होते. पडद्यावर आपल्याला मिळालेली खिडकी मात्र ८०० बाय ६०० बिंदूंची, म्हणजे ४ लाख ८० हजार बिंदूंचीच असेल, तर तिच्यात एका वेळी नकाशाचा सुमारे १७३वा हिस्सा दिसेल. यांतील प्रत्येक बिंदू जमिनीवरील सव्वाचार मीटरांएवढा आहे. म्हणजे खिडकीतून साधारण ३.४ किलोमीटर रुंद व २.५ किलोमीटर उंच एवढाच प्रदेश नजरेस पडतो. मुखापासून पुलिकत गावापर्यंतचे अंतर सुमारे २० किलोमीटर आहे. ते पाहण्यासाठी अशा आठ खिडक्या एकावर एक रचाव्या लागतील. मोठी वस्तू लहान खिडकीतून पाहण्याची ही अडचण संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्यांनी कशी सोडविली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

गुंडाळीपासून सरकपट्टीपर्यंत

अडचण जुनीच आहे. लांबलचक जन्मपत्रिका आपल्याकडे गुंडाळी करून ठेवीत. ज्योतिषी एका हाताने ती उलगडी व दुसऱ्या हाताने गुंडाळी. दोन्ही हातांच्या मध्ये उघडा राहिलेला भाग तेवढा वाचावयाचा. तेलंगणातील चेरियाल येथील चित्रपट किंवा बंगालमधील पटुआंचे पट हेही असेच उलगडत नेऊन त्यांवरील कथा सांगितली जाते. इंग्रजीत अशा गुंडाळीस ‘स्क्रोल’ म्हणतात, आणि संगणकाच्या पडद्यावरील मजकूर सरकविण्याच्या क्रियेला हेच नाव मिळाले.

गुंडाळीत आणखी एक गुण आहे. उरलेली गुंडाळी हाताला जाड लागते की बारीक, यावरून किती वाचून झाले व किती उरले हे न मोजताही कळते. पडद्याला जाडी नाही. म्हणून ती जाणीव दुसऱ्या मार्गाने देण्यासाठी खिडकीच्या कडेला एक अरुंद पट्टी ठेवण्याची व तिच्यात वरखाली सरकणारा एक ठोकळा बसविण्याची कल्पना पुढे आली. या पट्टीला आपण सरकपट्टी म्हणू.

अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. खिडक्या, माउस आणि सरकणारा मजकूर यांचे बरेचसे प्रारंभिक प्रयोग तेथे झाले. १९८१ साली त्याच कंपनीचा ‘स्टार’ आणि १९८४ साली ॲपल कंपनीचा ‘मॅकिन्टॉश’ बाजारात आला व ही पद्धत सर्वसामान्यांपर्यंत पोहोचली. तथापि प्रत्येक आज्ञावलीकाराने खिडकी, बटण व सरकपट्टी नव्याने घडवावी हे शहाणपणाचे नव्हते. यास्तव या सर्व घटकांचे तयार संच निर्माण झाले. त्यांस ‘टूलकिट’ म्हणजे साधनसंच असे म्हणतात. बर्कली येथील जॉन औस्टरहाउट यांनी १९९०च्या सुमारास रचलेला ‘टीके’, १९९५ साली नॉर्वेतून प्रथम प्रसिद्ध झालेला ‘क्यूटी’, चित्रे रंगविण्याच्या ‘गिम्प’ या आज्ञावलीसाठी जन्मलेला ‘जीटीके’, आणि ‘डब्ल्यूएक्स विजेट्स’ हे त्यांतील प्रसिद्ध संच होत. नकाशांसाठी आज जगभर वापरली जाणारी ‘क्यूजीआयएस’ ही मुक्त आज्ञावली क्यूटीच्या आधारे लिहिलेली आहे, तर ‘ग्रास’ या तशाच दुसऱ्या आज्ञावलीच्या खिडक्या डब्ल्यूएक्सवर आधारलेल्या आहेत.

पट, खिडकी आणि सरक

साधनसंच कोणताही असो, सरकणाऱ्या खिडकीच्या मुळाशी तीनच गोष्टी असतात. पहिली म्हणजे ‘पट’: जे दाखवावयाचे ते संपूर्ण चित्र. दुसरी ‘खिडकी’: पटाचा दिसणारा तुकडा. तिसरी ‘सरक’: पटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खिडकीचा वरचा डावा कोपरा किती बिंदू दूर आहे ते सांगणाऱ्या दोन संख्या. एक संख्या आडवी, दुसरी उभी.

येथे एक बाब नीट ध्यानात धरली पाहिजे. प्रत्येक बिंदूला दोन पत्ते असतात, एक पटावरचा व दुसरा खिडकीतला. आपल्या जोडनकाशात एन्नोरचे मुख पटाच्या डाव्या कडेपासून सुमारे १,८९० व वरच्या कडेपासून ६,९७० बिंदूंवर येते. हा त्याचा पटावरचा पत्ता कायमचा आहे. समजा, खिडकी आडवी १,५०० व उभी ६,७०० एवढी सरकलेली आहे. तर मुख खिडकीत ३९० व २७० या ठिकाणी दिसेल. खिडकी हलली की हा दुसरा पत्ता बदलतो. नियम इतकाच की पटावरील पत्त्यातून सरक वजा केली म्हणजे खिडकीतील पत्ता मिळतो, आणि खिडकीतील पत्त्यात सरक मिळविली म्हणजे पटावरील पत्ता मिळतो.

वजाबाकी रंगविताना करावयाची आणि बेरीज माउसची टिचकी वाचताना. नवशिक्याकडून पहिली सहसा विसरली जात नाही, कारण ती विसरली तर नकाशा हलतच नाही व चूक तात्काळ डोळ्यांत भरते. दुसरी मात्र नेहमी विसरली जाते. आज्ञावली लिहून झाल्यावर तिची पहिली परीक्षा नकाशाच्या आरंभीच्या कोपऱ्यात घेतली जाते. तेथे सरक शून्य असल्यामुळे बेरीज केली काय आणि न केली काय, उत्तर सारखेच येते. पुढे कोणी एन्नोरच्या मुखावर टिचकी मारून तेथे खूण करू पाहतो, आणि आज्ञावली ती खूण पटाच्या ३९०, २७० या बिंदूवर नोंदविते. ही जागा मुखापासून सुमारे २८ किलोमीटर उत्तरेस व सहा किलोमीटर पश्चिमेस आहे. खूण खिडकीबाहेर पडल्यामुळे ती चुकली हेही तत्क्षणी कळत नाही.

साधनसंचांनी या रूपांतरासाठी तयार सोयी ठेवल्या आहेत. टीकेमध्ये पटाला त्याचा पत्ता विचारण्याच्या आडव्या व उभ्या अशा दोन आज्ञा आहेत. डब्ल्यूएक्समध्ये खिडकीतील पत्त्यावरून मूळ पत्ता काढून देणारी आज्ञा आहे, आणि रंगविण्यापूर्वी चित्रकाराचा आरंभबिंदू सरकवून देणारीही आहे. परंतु त्या आपण होऊन कामाला लागत नाहीत. त्यांना बोलवावे लागते.

सरकपट्टीचे गणित

सरकपट्टीवरील ठोकळा दोन गोष्टी सांगतो. त्याचे स्थान आपण कोठे आहोत हे सांगते, आणि त्याची लांबी एकूण पटापैकी किती भाग दिसत आहे हे सांगते. आपल्या उदाहरणात पट १३,००० बिंदू उंच व खिडकी ६०० बिंदू उंच आहे. ठोकळ्याला फिरण्यासाठी पट्टीत ५६० बिंदूंची खाच असेल, तर त्रैराशिकाने ठोकळ्याची लांबी सुमारे २६ बिंदू येते.

सरकेची कमाल मर्यादा मात्र १३,००० नव्हे. खिडकीची खालची कड पटाच्या खालच्या कडेला टेकली की थांबावयाचे; म्हणून मर्यादा १३,००० वजा ६००, म्हणजे १२,४०० आहे. त्याचप्रमाणे ठोकळ्याचा प्रवास ५६० नसून ५६० वजा २६, म्हणजे ५३४ बिंदूंचा आहे. हे दोन्ही प्रवास एकमेकांच्या प्रमाणात असतात. ठोकळा एक बिंदू हलला की नकाशा सुमारे २३ बिंदू हलतो. जमिनीवर हे अंतर जवळजवळ १०० मीटर होते.

आता अधिक तपशिलाचा नकाशा घेऊ. गाववार भूमापनाच्या प्रमाणाजवळ जाणारे १:४,००० हे प्रमाण घेतले, तर मुखापासून पुलिकतपर्यंतचे २० किलोमीटर दाखविण्यास पाच मीटर लांबीचा कागद लागेल. बिंदूंच्या भाषेत तो सुमारे ५९,००० बिंदू उंच होतो. खरे प्रमाण राखले तर ठोकळा जेमतेम सहा बिंदूंचा उरतो आणि माउसने तो पकडणे दुरापास्त होते. म्हणून साधनसंच ठोकळ्याला काही किमान लांबी देतात. ती २० बिंदू असेल तर प्रवास ५४० बिंदूंचा राहतो आणि ठोकळ्याच्या एका बिंदूमागे नकाशा १०८ बिंदू उडी घेतो. ठोकळ्याने कितीही जपून सरकविले तरी मधल्या १०७ जागी थांबता येत नाही. याच कारणासाठी सरकपट्टीबरोबर आणखी दोन चाली दिलेल्या असतात: माउसच्या चाकाने किंवा बाणाच्या कळीने होणारी लहान पायरी, आणि एक खिडकीभर पुढे नेणारी मोठी पायरी. मोठी पायरी पूर्ण खिडकीएवढी न ठेवता थोडी कमी ठेवावी, म्हणजे आधीच्या दृश्याची एक पट्टी नव्या दृश्यात शिल्लक राहते आणि पाहणाऱ्याचा धागा तुटत नाही. कागदी नकाशांच्या पुस्तकात लगतच्या पानांवर थोडा प्रदेश दोनदा छापतात, त्यामागील हेतू हाच आहे.

पट आणि पट्टी यांचा संवाद

सरकपट्टी आणि पट हे दोन स्वतंत्र घटक आहेत, आणि त्यांच्यात दुतर्फा संवाद लागतो. वापरणाऱ्याने ठोकळा ओढला तर पट्टीने पटाला कळविले पाहिजे. उलट, वापरणाऱ्याने चाक फिरविले किंवा आज्ञावलीनेच नकाशा एखाद्या गावापाशी नेला, तर पटाने पट्टीला कळविले पाहिजे. टीकेमध्ये हा संवाद उघड्या डोळ्यांना दिसतो. पट दोन अपूर्णांक पाठवितो: दिसणाऱ्या भागाचा आरंभ व शेवट, शून्य ते एक या मापात. मुखाचा भाग दिसत असताना हे आकडे साधारण ०.५१५ आणि ०.५६२ असे असतील. पट्टी ‘या अपूर्णांकापाशी जा’ किंवा ‘इतक्या पायऱ्या सरक’ असे उत्तर देते. आज्ञावलीकाराला या दोन तारा स्वतःच्या हाताने जोडाव्या लागतात. एकच जोडली तर ठोकळा ओढल्यावर नकाशा हलतो, पण चाक फिरविल्यावर ठोकळा जागीच राहतो. म्हणजे पट्टी खोटे सांगू लागते.

जीटीकेच्या रचनाकारांनी निराळा मार्ग स्वीकारला. त्यांनी दोघांच्या मध्ये एक नोंदवही ठेवली. किमान, कमाल, सध्याचे स्थान, खिडकीची उंची, लहान व मोठी पायरी या सहा संख्या त्या नोंदवहीत असतात. कोणीही आकडा बदलला की नोंदवही सर्व संबंधितांना वर्दी देते. सत्य एकाच जागी लिहिलेले असल्यामुळे दोन घटकांत मतभेद होण्याची शक्यता उरत नाही. क्यूटीमध्ये बहुतेक कामे तयार ‘सरकक्षेत्र’ हा घटक करतो. आपण त्याच्या पोटात पट ठेवावयाचा.

या सोयीतही एक गोम आहे. पटाची लांबीरुंदी किती, हे साधनसंचाला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. टीकेच्या पटावर कितीही चित्रे काढली तरी सरकण्याचे क्षेत्र जाहीर केले नसेल तर पट्टीला खरी मर्यादा कळत नाही. क्यूटीच्या सरकक्षेत्रातील घटकाला स्वतःचे आकारमान नसेल तर तो संकोचून अदृश्यही होतो. ‘खिडकी उघडली पण आत काही नाही’ या नवशिक्यांच्या नेहमीच्या तक्रारीमागे बहुधा हेच कारण असते. चित्र हरवलेले नसते. किती मोठे चित्र आहे हे कोणी सांगितलेले नसते.

दिसेल तेवढेच रंगवावे

आपल्या जोडनकाशाच्या प्रत्येक बिंदूस रंगासाठी तीन बाइट लागतात असे धरल्यास सबंध पटाला जवळजवळ २५ कोटी बाइट लागतील. खिडकीत दिसतो त्याचा १७३वा भाग. तेव्हा प्रत्येक हालचालीला सारा पट रंगविणे हा अपव्यय होय.

यावरचा पहिला उपाय नक्कल करण्याचा. नकाशा २० बिंदू वर सरकला, तर खिडकीतील ६०० ओळींपैकी ५८० ओळी पूर्वीच पडद्यावर होत्या. फक्त त्यांची जागा बदलली. त्या जशाच्या तशा उचलून वर ठेवाव्या आणि खाली उघडी पडलेली २० ओळींची पट्टी तेवढी नव्याने रंगवावी. काम तिसाव्या हिश्श्यावर येते. बिंदूंचे आयत असे झपाट्याने हलविण्याची ‘बिटब्लिट’ ही क्रिया झेरॉक्सच्या केंद्रातील डॅन इंगल्स यांनी १९७५ साली रचली, आणि सरकत्या खिडक्यांना तिने खरा वेग दिला. मात्र आपल्या खिडकीचा काही भाग दुसऱ्या खिडकीखाली झाकलेला असेल, तर उचलण्यासाठी तेथे आपल्या ओळीच नसतात. याची दखल न घेणारी आज्ञावली त्या दुसऱ्या खिडकीचे अवशेष नकाशात ओढून आणते.

दुसरा उपाय फरश्यांचा. पटाचे २५६ बाय २५६ बिंदूंचे तुकडे करावयाचे. आपल्या नकाशाचे असे २५ बाय ५१, म्हणजे १,२७५ तुकडे होतात. खिडकी कोठेही असली तरी ती एका वेळी जास्तीत जास्त पाच बाय चार, म्हणजे वीस फरश्यांना स्पर्श करते. त्या वीस फरश्यांना सुमारे ३९ लाख बाइट पुरतात. उरलेल्या फरश्या तबकडीवर राहू द्याव्या व खिडकी त्यांच्याजवळ आली म्हणजे उचलाव्या. पुढील एखादी ओळ आधीच आणून ठेवली तर वापरणाऱ्यास ही ये-जा जाणवतही नाही.

जेथे चूक नकाशात शिरते

आतापर्यंतच्या विवेचनावरून हा केवळ सोयीचा व वेगाचा प्रश्न आहे असे वाटेल. परंतु सरकत्या खिडकीतील काही चुका नकाशाचा अर्थच बदलतात.

वापरणारा पटाच्या अगदी तळाशी आहे, म्हणजे सरक १२,४०० आहे असे धरा. आता त्याने खिडकी ६०० वरून ९०० बिंदूंपर्यंत उंच केली. नवी मर्यादा १२,१०० झाली. सरक मात्र १२,४०० वरच राहिली. आज्ञावलीने ती मागे ओढली नाही तर खिडकीच्या तळाशी ३०० बिंदूंची रिकामी पट्टी दिसते. पटाच्या पूर्व कडेस अशीच चूक झाली तर ती अधिक फसवी ठरते. एन्नोरच्या तावांचा पूर्वेकडचा निम्म्याहून अधिक भाग समुद्राचा आहे. नकाशा जेथे संपला त्यापुढील रिकामी जागा आणि नकाशातील समुद्राची कोरी जागा यांतील भेद डोळ्याला कळत नाही. म्हणून चांगली आज्ञावली पटाबाहेरील जागा निराळ्या, करड्या रंगाने भरते. ‘येथे काही नाही’ आणि ‘येथवरच आम्हांला ठाऊक आहे’ ही दोन भिन्न विधाने आहेत. ती एकाच रंगाने लिहिता कामा नयेत.

दुसरी चूक नकाशा मोठा करताना होते. नकाशा दुप्पट केला की मुखाचा पटावरील पत्ता १,८९०, ६,९७० वरून ३,७८०, १३,९४० असा होतो. माउसखालील जागा माउसखालीच राहावी असे वाटत असेल, तर सरकही नव्याने मोजली पाहिजे: नव्या पत्त्यातून खिडकीतील ३९०, २७० वजा करून ती ३,३९० व १३,६७० येते. सरक पूर्वीचीच ठेवली, तर ज्या ठिकाणी मुख होते तेथे सुमारे १५ किलोमीटर उत्तरेकडची जागा येऊन बसते. वापरणाऱ्याने तर केवळ जवळून पाहण्याची इच्छा केली होती. खाडीसारख्या प्रदेशात, जेथे पाण्याचे फाटे एकमेकांसारखेच दिसतात, तेथे आपण भलतीकडे आलो हे त्याच्या ध्यानात येईलच असे नाही.

तिसरी चूक मोजणीतील एका बिंदूची. काही साधनसंच कमाल आकडा पटाची उंची म्हणून घेतात, तर काही शेवटच्या ओळीचा क्रमांक म्हणून. विंडोज प्रणालीत दुसरी पद्धत आहे; तेथे सरकेची मर्यादा काढताना कमाल आकड्यातून खिडकीची उंची वजा करून एक मिळवावा लागतो. तो एक विसरला तर पटाची शेवटची ओळ कधीच दिसत नाही. चित्राच्या बाबतीत हे क्षम्य ठरेल. परंतु पटावर नकाशाऐवजी गावांची यादी असेल आणि प्रत्येक पायरी एका गावाची असेल, तर यादीतील शेवटचे गाव कायमचे पडद्याबाहेर राहील.

न दिसणाऱ्या भागाची जाणीव

सरकपट्टीचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. प्रारंभीच्या मॅकिन्टॉशवर ठोकळा नेहमी एकाच आकाराचा असे. तो आपण कोठे आहोत हे सांगे, परंतु किती उरले हे सांगत नसे. १९९५च्या विंडोजमध्ये ठोकळ्याची लांबी दृश्य भागाच्या प्रमाणात बदलू लागली, आणि गुंडाळीच्या जाडीतून मिळणारी जाणीव पडद्यावर परतली. २०११ साली ॲपलच्या ‘लायन’ प्रणालीने उलट दिशा धरली: नकाशा हलत असेल तेवढ्यापुरतीच पट्टी दाखवावी, एरवी ती लपवावी. लहान पडद्यांवर जागा वाचविण्यासाठी ही रीत इतरांनीही उचलली. दृश्य नीटनेटके झाले यात संशय नाही. पण स्थिर खिडकीकडे पाहणाऱ्यास समोर आहे ते संपूर्ण आहे की तुकडा, हे आता सहजी कळत नाही. नकाशा, हिशेब किंवा करारपत्र दाखविणाऱ्या आज्ञावलीने पट्टी सदैव दृश्य ठेवावी हे इष्ट. त्याबरोबर कोपऱ्यात सबंध पटाचे लहानसे चित्र व त्यावर खिडकीचा आयत दाखविला तर अधिकच उत्तम. मेजावर मान वर करून पाहण्याची जी सोय हरवली होती, ती या लहान चित्राने बऱ्याच अंशी भरून निघते.

एन्नोरच्या बाबतीत हा विचार केवळ तात्त्विक नाही. १९९१च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार तमिळनाडूसाठी किनारा व्यवस्थापनाचे नकाशे तयार झाले व १९९६ साली त्यांना केंद्राची मान्यता मिळाली. त्यांत एन्नोरच्या खाडीचे पात्र दाखविलेले होते. पुढे उपलब्ध झालेल्या दुसऱ्या एका नकाशात त्यातील मोठा भाग दिसत नाही, हे २०१७ साली पर्यावरणाच्या कार्यकर्त्यांनी व स्थानिक कोळ्यांनी निदर्शनास आणले आणि त्यावरून मोठा वाद उद्भवला. त्या वादाचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे, आणि त्याचा उगम कोणत्या आज्ञावलीत होता असेही नाही. परंतु त्याने एक गोष्ट स्पष्ट केली. कोळ्याला खाडी तेथे आहे हे नकाशावाचून ठाऊक असते; तो भरतीची वेळ पाहून जाळे घेऊन तीत उतरतो. निर्णय घेणारा मात्र दूरच्या कचेरीत बसलेला असतो, आणि त्याच्या दृष्टीने जे नकाशात दिसते तेवढेच अस्तित्वात असते. नकाशात दिसत असूनही खिडकीबाहेर राहिलेला भाग त्याच्या लेखी नकाशात नसल्यासारखाच आहे.

आज्ञावलीकाराचे काम म्हणूनच नकाशा सुबक हलविण्यापाशी संपत नाही. खिडकी लहान असणे हा दोष नव्हे. कोणतीही खिडकी पटापेक्षा लहानच असावयाची. आपण लहान आहोत, पट एवढा मोठा आहे आणि त्यातील अमुक जागी आपण आहोत, या तीन गोष्टी खिडकीने पाहणाऱ्यास अचूक सांगितल्या पाहिजेत. ठोकळ्याची लांबी, ठोकळ्याचे स्थान आणि दोन पत्त्यांमधील ती साधी बेरीज-वजाबाकी यांवर हे सारे अवलंबून आहे. ती बेरीज नकाशाच्या आरंभीच्या कोपऱ्यात तपासून भागत नाही. १३°१५′ची रेषा ओलांडून, दोन तावांच्या सांध्यावर, खाडीच्या ऐन मुखाशी जाऊन ती तपासावी लागते.